लाल लोकरीची खूण

रिन्स्केच्या अंगणात बुटांची एक लांबलचक रांग आहे, आणि त्यातले सगळे बूट डाव्या पायाचे आहेत. आमच्या बेटाला समुद्र डावेच बूट देतो. उजवे कुठल्या देशाला लागतात कुणास ठाऊक. रिन्स्के म्हणते, त्या देशातही माझ्यासारखी कुणी वेडी असेलच, कधी गाठ पडली तर दोघींचं भलं होईल. त्या आशेवर तिने आजवर एकही बूट टाकलेला नाही. बुटांच्या मागे खोकी, खोक्यांच्या मागे पाण्यावर तरंगणारे बोये, बोयांच्या मागे दोरखंडांची वेटोळी आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी तिचं घर आहे. नवा पोस्टमन पहिल्या दिवशी अंगणातूनच परत गेला होता.

समुद्राने टाकलेलं वेचत किनाऱ्यावर हिंडणाऱ्या माणसाला आमच्याकडे युटर म्हणतात. कायद्याने सापडलेली वस्तू नगराध्यक्षांच्या स्वाधीन करायची असते. हा कायदा बेटावर सगळ्यांना पाठ आहे. नगराध्यक्षांच्या परसातलं कोंबड्यांचं खुराडं कशाच्या फळ्यांचं आहे, हेही सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे कुणी कुणाला काही विचारत नाही.

वायव्येचं वादळ सुटलं की शहाणी माणसं खिडक्या लावून वाटाण्याचं सूप ढवळत बसतात. रिन्स्के तेव्हा खिडकी उघडते, नाक बाहेर काढते आणि गमबूट शोधू लागते. सत्तरी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, पण वारा वायव्येचा असला की गुडघ्यांचं काही चालत नाही. लग्न तिने केलंच नाही. तरुणपणी कुणी विचारलं तर सांगायची, माणूस आणून ठेवू कुठे, अंगणात जागा नाही. तेव्हा अंगण चांगलं रिकामं होतं, असं जुनी माणसं सांगतात.

युटर कायदा धाब्यावर बसवतील, पण रीत मोडायचे नाहीत. वस्तू जड असली, एकट्याला नेता येत नसली, तर ती ओढत भरतीचं पाणी पोचतं त्या रेघेच्या वर न्यायची आणि तिला आपली खूण बांधायची. मग ती तुमची. महिनाभर तिथे पडून राहिली तरी दुसरा तिला हात लावणार नाही. कुणाची खूण काथ्याची, कुणाची कोरलेल्या काठीची. रिन्स्केची खूण लाल लोकर, तिच्या आईचा स्वेटर उसवून गुंडाळलेली. युटरला चोर म्हणणं वाईटच. पण त्याला भरतीची रेघ ओळखता येत नाही असं म्हणणं त्याहून वाईट, कारण चोराला निदान अक्कल तरी असते.

बेटाच्या पूर्वेच्या टोकाकडे दोनच युटर जायचे, रिन्स्के आणि डाउवे. बाकीच्यांना तेवढी तंगडतोड नको असायची. डाउवे सुतार. बायको लवकर गेली, मुलगा सिबे मोठा होऊन पलीकडे मुख्य भूमीवर लेउवार्डनला नोकरीला लागला, आणि डाउवेला बोलायला उरली रिन्स्के. दर शनिवारी तो तिच्याकडे कॉफी प्यायला यायचा. आमच्याकडे पाहुण्यापुढे बिस्किटांचा डबा एकदा उघडतात, एक बिस्कीट देतात आणि झाकण लावतात. रिन्स्के डाउवेसाठी डबा दुसऱ्यांदा उघडते, ही बातमी कुणीतरी गावात आणली आणि गावाने त्या दोघांचं लग्न मनातल्या मनात लावूनही टाकलं. केक कुणी करायचा एवढंच ठरायचं राहिलं होतं. आणि तेवढ्यात ते दार आलं.

साधंसुधं दार नव्हे, जहाजाचं. सागवानी, पितळी कडीचं, बिजागऱ्यांसकट. रिन्स्केला ते पूर्वेच्या टोकाला, जुन्या पडक्या खांबाजवळ सापडलं. आयुष्यात असं एकदाच सापडतं. ओढून ओढून तिने ते खांबामागच्या उंचवट्यावर नेलं. तो उंचवटा तिच्या बापाने तिला लहानपणी दाखवलेला. अख्खं बेट बुडालं तरी इथे पाणी चढणार नाही, असं बाप सांगायचा, आणि बापाचा शब्द म्हणजे रिन्स्केला बायबलच्या वर होता. तिने कडीला लाल लोकर बांधली, दोन गाठी जास्तच मारल्या आणि उद्या हातगाडी घेऊन येते असं दाराला सांगून घरी गेली. त्या रात्री जोराचा वारा होता. सकाळी गाडी घेऊन गेली तर उंचवटा रिकामा.

ती तशीच रिकामी गाडी ओढत गावात आली, तर आनेकेच्या दुकानासमोर डाउवे उभा. त्याच्या गाडीवर तिचं दार, आणि कडीला तिची लाल लोकर. शनिवार असल्यामुळे निम्मं गाव पाव घ्यायला आलं होतं. रिन्स्केने सगळ्यांच्या देखत त्याला विचारलं, कुठून उचललंस? डाउवे म्हणाला, किनाऱ्यावरून. किनाऱ्यावरून कुठून? यावर त्याने गर्दीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गप्प बसला. तिने परत विचारलं. तो परत गप्प. दार त्याने गाडीसकट तिच्यापुढे ढकललं, तर ती म्हणाली, चोराचा हात लागलेलं दार मला नको, घाल तुझ्याच घराला. डाउवे तसाही हुकमाचा ताबेदार. त्याने ते घातलं.

त्यातही त्याने पुढच्या बाजूला घातलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आमच्याकडे पुढचं दार उघडतं ते लग्नाला नाहीतर मैताला. रोजची ये-जा मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने. डाउवेने ते सागवानी दार नेमकं तिथे बसवलं. म्हणजे ज्याला डाउवेकडे जायचं त्याने रिन्स्केच्या दारातूनच जायचं. गाव जात होतं, पितळी कडीचं कौतुक करत होतं. रिन्स्के तेवढी गेली नाही. अकरा वर्षं.

अबोला धरावा तर रिन्स्केने. पाव आणायला डाउवेच्या घरावरून जावं लागतं म्हणून ती चर्चला वळसा घालून जायची. किनाऱ्यावर समोरासमोर आले की दोघांनाही एकदम समुद्रात काहीतरी महत्त्वाचं दिसायचं आणि ते नाहीसं होईपर्यंत दोघं तिकडेच बघत उभे राहायचे. पडक्या खांबाचं तर तिने तोंडही पाहिलं नाही. खांब आला की वाळूच्या टेकड्यांवर चढायची, टेकडीच्या मागून जायची आणि पुढे जाऊन परत किनाऱ्यावर उतरायची. शनिवारी कॉफी मात्र दोन कपांची व्हायची. हात चुकतो, असं ती म्हणायची.

या ऑक्टोबरात आनेकेने चीज कापता कापता सांगितलं की सिबे शनिवारच्या फेरीबोटीने येतोय, बापाला लेउवार्डनला नेणार. चौथ्या मजल्यावर जागा घेतलीये, लिफ्ट आहे, पाण्याचा थेंब दिसत नाही.

"बरं झालं," रिन्स्के म्हणाली. "किनारा स्वच्छ होईल."

"डाउवे म्हणत होता, इथे आता थांबू तरी कुणासाठी."

रिन्स्केने यावर यीस्टचं पाकीट मागितलं. घरी तिची पाकिटं डबाभर होती. घरी येऊन तिने सुपात मीठ दोनदा घातलं आणि खिडकीशी बसून राहिली. एकाकी वाटायची तिला सवय होती, पण हे तसलं नव्हतं. अबोला धरायला तरी समोर माणूस लागतो. तो चौथ्या मजल्यावर जाऊन बसला तर आपण बोलत नाही हे त्याला कळणार कसं? अकरा वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

आणि तो चोरी कबूल न करताच निघाला होता, हे तिला सर्वांत जास्त खुपत होतं. एकदा कबूल केली असती तर माफही केलं असतं. माफीचं भाषण तिने केव्हाच तयार करून ठेवलं होतं. तेव्हा गुरुवारी वारा वायव्येला वळला आणि शुक्रवारी अमावास्येचं उधाण आलं, तसं तिला सुचलं. तिच्या अंगणात ओकची एक देखणी फळी होती, जाड, गाठ नसलेली. कुठल्याही सुताराला ती बघून हात आवरता येणार नाही. ही फळी त्याच उंचवट्यावर ठेवायची, लाल लोकर बांधायची आणि सकाळी गवतात लपून बसायचं. किनाऱ्यावर शेवटचा फेरफटका मारायला डाउवे येणार, फळी उचलणार, आणि आपण पुढे होऊन त्याचा हात धरायचा. अंगणातली वस्तू परत किनाऱ्यावर नेणारी रिन्स्के ही आमच्या बेटावरची पहिलीच युटर असेल.

शुक्रवारी दुपारी तिने फळी गाडीवर घालून नेली. अकरा वर्षांनी खांबाजवळ उभं राहताना तिला उंचवटा जरा बुटका वाटला. म्हातारपणी सगळंच बुटकं वाटतं, असं म्हणून तिने फळी वर चढवली आणि लोकरीच्या तीन गाठी मारल्या.

शनिवारी फटफटताना ती टेकडीवरच्या गवतात पालथी पडली होती. बरोबर थर्मास, राईचा पाव आणि दुर्बीण. दुर्बीणही किनाऱ्यावरच सापडलेली, एकाच डोळ्याने दिसणारी. भरती चढत होती आणि वारा कानात शिरत होता. डाउवे कधी येतो म्हणून ती गावाकडून येणाऱ्या वाटेवर नजर लावून बसली. कॉफीचा पहिला कप झाला, दुसरा झाला. वाटेवर चिटपाखरू नाही. कंटाळून तिने दुर्बीण फळीकडे वळवली आणि थर्मासचं झाकण तिच्या हातातून गळून टेकडीवरून घरंगळत गेलं.

पाणी समोरून आलंच नव्हतं. ते मागून आलं होतं. खांबाच्या पलीकडे वाळूत एक खोल चर पडला होता, बापाच्या वेळी नसलेला, आणि त्या चरातून समुद्र गुपचूप उंचवट्याच्या पाठीमागे पोचला होता. वाळू काय, कुणाच्या बापासाठी एका जागी बसून राहत नाही. पाणी दोन्ही अंगांनी वर आलं, उंचवट्याला वळसा घातला, फळीच्या खाली शिरलं आणि फळी सावकाश उचलली. घाई नाही, गडबड नाही. फळी एकदा गरकन फिरली आणि लाल लोकर मिरवत पूर्वेकडे निघाली.

रिन्स्के टेकड्यांवरून तिच्या मागे निघाली. गुडघे काय म्हणत होते ते तिला ऐकू येत नव्हतं. फळी पुढे, ही मागे, अशी वरात निघाली. टेकड्या संपत आल्या तिथे किनारा आत वळतो, आणि त्या वळणावर समुद्राने फळी अलगद बाहेर टाकली. तिथेच, तिच्याही आधी अंधारात येऊन पोचलेला डाउवे उभा होता. हातात काही नाही, पिशवी नाही, गाडी नाही. शेवटचं बघून घ्यायला आलेल्या माणसासारखा नुसता उभा होता.

त्याने फळी पाहिली, लोकर पाहिली. मग त्याने पश्चिमेला, पडक्या खांबाच्या दिशेने पाहिलं आणि मान हलवली. फळी अजून अर्धी पाण्यातच होती, रेघेच्या पार खाली. रीतीप्रमाणे ती आता ज्याला सापडली त्याची. पण डाउवेने फळीचं टोक धरलं, पाठीला हात लावत, थांबत, कण्हत ती ओढायला सुरुवात केली. रेघेच्या वर नेली. तिथेही थांबला नाही, थेट टेकडीच्या पायथ्याशी नेली. मग वाकून लोकरीची गाठ तपासली, सैल झालेली परत आवळली, फळीवर एकदा हात फिरवला आणि गावाच्या वाटेला लागला.

रिन्स्के गवतात बसून रडली. वाऱ्याने डोळ्यांत वाळू गेली, असं ती नंतर सांगत होती, पण वारा तोपर्यंत पडला होता. तिला सगळं एकदम कळलं. दारही असंच आलं होतं. डाउवेने ते असंच ओढलं होतं, गाडीवर घातलं होतं, आणि दुकानासमोर तो दार घेऊन पळत नव्हता, तिच्याकडे निघाला होता. कुठून उचललंस याचं खरं उत्तर एकच होतं: पाण्यातून, कारण रिन्स्केने दार बुडत्या जागी ठेवलं. ते उत्तर निम्म्या गावापुढे द्यायला नको, म्हणून त्याने चोर म्हणवून घेतलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की परतीच्या वाटेवर एक चांगला कोरा बोया दिसला तरी तिने उचलला नाही.

आधी ती आनेकेच्या दुकानात गेली. शनिवार, त्यामुळे निम्मं गाव तिथेच. केसांत गवत, गुडघ्यांना वाळू, गळ्यात दुर्बीण.

"ते दार डाउवेने चोरलं नव्हतं," ती म्हणाली. "मीच रेघेच्या खाली ठेवलं होतं. समुद्राने नेलं. मला रेघ कळली नाही. ऐकलं सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. आनेकेची चीज कापायची सुरी मध्येच थांबली होती. नगराध्यक्षांनी उगाच टोपी काढली आणि परत घातली. रिन्स्के वळली, आणि या वेळी चर्चला वळसा न घालता सरळ रस्त्याने गेली.

डाउवेच्या घरामागे सिबेची गाडी उभी होती आणि दाराबाहेर पायरीखाली डाउवेची सुटकेस. रिन्स्के सागवानी दारासमोर थांबली. इतक्या जवळून तिने ते त्या सकाळनंतर पहिल्यांदाच पाहिलं. पितळी कडी घासून लख्ख केलेली होती. तिने ती फिरवली आणि आत गेली. डाउवे टेबलाशी कोट घालून बसला होता, सिबे खिडक्या बंद करत होता. दाराच्या आतल्या बाजूला, कडीला, लाल लोकर होती. अकरा वर्षांत विटून गुलाबी झालेली, पण गाठी तिच्याच.

"डाउवे, दार कुठे सापडलं होतं?"

"किनाऱ्यावर."

"रेघेच्या वर की खाली?"

डाउवेने मुलाकडे पाहिलं. "जाऊ दे ना आता, रिन्स्के. माणसं आहेत."

"माणसांना मी दुकानात सांगून आले. तू बोल."

"खाली," तो म्हणाला. "अर्धं पाण्यातच होतं. तुझ्या गाठी मात्र घट्ट होत्या."

"मग तेव्हा सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुझ्या बापाच्या उंचवट्यावर पाणी चढलं, हे मी दुकानासमोर सांगायचं? तू परत किनाऱ्यावर पाऊल टाकलं असतंस का?"

"अकरा वर्षं चोर म्हणवून घेतलंस."

"एकटी तूच म्हणत होतीस. बाकीचे कॉफी प्यायला येत होते."

माफीचं भाषण रिन्स्केकडे तयार होतं, पण ते माफ करायचं होतं, माफी मागायचं नव्हतं. सिबेने घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाबा, फेरी चुकेल हं." त्याला रिन्स्केमावशीबद्दल लहानपणापासून माया होती, पण फेरी कुणाच्या मायेसाठी थांबत नाही.

रिन्स्के बाहेर गेली. सिबेला वाटलं, निघाली. तिने पायरीखालची सुटकेस दोन्ही हातांनी धरली आणि ओढायला लागली. पायरीवर चढवली, उंबऱ्यावरून आत घेतली, स्वयंपाकघरातून ओढत पार चुलीजवळ नेऊन ठेवली. मग खिशातून लाल लोकर काढली, मुठीला गुंडाळली आणि गाठी मारू लागली. एक, दोन, तीन. दम लागला होता म्हणून चौथी जरा वेळाने मारली.

"मावशी, अगं हे काय करतेस?" सिबे म्हणाला.

"दिसत नाही? रेघेच्या वर आहे आणि खूण बांधलीये."

सिबेने सुटकेसकडे हात नेला. पोरगा नोकरीला लेउवार्डनला असला तरी जन्मला इथेच, वाढला इथेच. हात अर्ध्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्याने बापाकडे पाहिलं. डाउवे कोट काढून खुंटीला लावत होता.

"आपली रीत आहे, पोरा," डाउवे मुलाला म्हणाला. "मी तरी काय करणार?"

मग त्याने तीन कप काढले आणि बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला, आणि त्याचं झाकण शोधूनही कुणाला सापडेना, कारण ते रिन्स्के मांडीखाली घेऊन बसली होती.

सिबे त्या दिवशी उशिराच्या फेरीने एकटाच गेला. सुटकेस अजून चुलीजवळ आहे. डाउवेला कधी आतला एखादा सदरा हवा असला तर तो रिन्स्केला विचारतो, कारण ज्याची खूण त्यानेच ती सोडायची असते. रिन्स्के खाली बसते, चष्मा लावते, गाठींशी बराच वेळ झटते आणि मग सांगते की थंडीने बोटं वळत नाहीत, उद्या बघू.